ऑपरेशन की इंजेक्शन? पुरुषांनी पुरुषांशी बोलायची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा. ऊस, महापूर आणि महापालिका यावर लिहिणारा माणूस आज आजारपणावर का लिहितोय, असं काहींना वाटेल. पण हा विषयही सार्वजनिकच आहे. तो बंद दाराआड ठेवल्यामुळे आपल्या भागात माणसांचं नुकसान होतंय, म्हणून लिहितोय.

मला साडेतीन वर्षांपासून प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. चौथ्या स्टेजचा, हाडांत पसरलेला. कळलं तेव्हा पीएसए ३१२ होता. साधारण ४ च्या आत असावा असं धरतात. कृपया कमेंटमध्ये 'लवकर बरे व्हा' लिहू नका. हा बरा होणारा आजार नाही, आटोक्यात ठेवायचा आजार आहे आणि सध्या तो आटोक्यात आहे. सकाळी कृष्णाकाठी फिरायला जातो, नातवाला शाळेत सोडतो, संध्याकाळी तुमच्याशी वाद घालतो. तेव्हा सहानुभूती बाजूला ठेवून मुद्द्याचं बोलू.

मुद्दा असा. या आजारात पहिल्या आठवड्यातच एक मोठा निर्णय घ्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा पेशंटला वगळून घेतला जातो.

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जनने अमेरिकेत १९४१ मध्ये दाखवून दिलं की हा हार्मोन तोडला की पसरलेला आजारही मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आजही उपचाराचा पाया तोच आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यामुळे मला डॉक्टरांचं बोलणं लगेच कळलं: वरचं गेट बंद करायचं.

गेट बंद करायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढून टाकायची. लहान ऑपरेशन असतं, बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. खर्च एकदाच. दुसरा, इंजेक्शन. दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं आणि बहुतेकांना ते कायम घ्यावं लागतं. आजार दाबण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच. फरक आहे तो पैशाचा, खेपांचा आणि मनाचा. ऑपरेशन परत फिरवता येत नाही. इंजेक्शन चुकवलं तर गेट पुन्हा उघडतं. आणि एखाद्याच्या मणक्यावर दाब येत असेल तर ऑपरेशनचा मोठा फायदा असतो, कारण काही तासांतच हार्मोन खाली येतो. नेहमीच्या इंजेक्शनात उलट आधी थोडे दिवस हार्मोन उसळतो, म्हणून सुरुवातीला जोडीला गोळ्या देतात.

एवढं सगळं कोणाला सांगितलं जातं? पेशंटला नाही. मुलाला, जावयाला, नाहीतर पुतण्याला.

ओपीडीतलं चित्र तुम्ही पाहिलं असेलच. म्हातारा बाहेर बाकड्यावर, फाइल घेऊन मुलगा आत. "बाबांना काही सांगू नका डॉक्टर, त्यांना सहन व्हायचं नाही." बाहेर येऊन बाबांना सांगितलं जातं, गाठ वाढलीय, बारकं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना दोष देत नाही. सकाळपासून शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाकडे दहाच मिनिटं असतात. मुलाचाही हेतू चांगला असतो. पण ज्याच्या शरीराचं आहे त्यालाच ते माहीत नसतं.

आमच्याच भागातला एक शेतकरी. वय बासष्ट, दीड एकर ऊस, दोन म्हशी. कंबर दुखते म्हणून वर्षभर बाम चोळत होता. निदान झालं, मुलाने ऑपरेशनला होकार दिला, सही करायच्या वेळी नर्सच्या तोंडून खरं काय ते त्याला कळलं. तो एकच वाक्य बोलला, "बैलागत बडवणार व्हय मला?" आणि चप्पल घालून निघून गेला.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या भाषेत या गोष्टीला शब्दच तसे आहेत. बैल बडवणं, खच्ची करणं. पेपरात कोणाचा अपमान झाला, कोणाची ताकद काढून घेतली की आपण लिहितो 'खच्चीकरण'. जन्मभर गोठ्यात वावरलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्या वेळी काय उभं राहिलं असेल याचा विचार करा. त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं की औषधाचाही रस्ता आहे, आणि ऑपरेशन केलं तरी तो जे समजतोय तसं काही होत नाही. कोणी सांगितलं नाही. चार महिने तो घरी काढे पीत बसला. एक दिवस सकाळी उठताना पाय उचलेनात. मुलाने उचलून गाडीत घातलं.

तिथून पुढची गोष्ट सांगण्यासाठी ही पोस्ट आहे.

त्याच्या शेजारच्या कॉटवर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन झालं होतं, आता दुसऱ्या कारणाने ॲडमिट होते. रात्री दिवे मालवल्यावर त्यांनी त्याला हळूच विचारलं, "काय पायजे ते विचार. मी सगळं बघून आलोय." आणि शेतकऱ्याने विचारलं. आवाज बायकी होतो का? नाही. मिशी जाते का? नाही, अंगावरची लव थोडी कमी होते. धोतराबाहेरून कुणाला कळतं का? छे. आणि काही सर्जन वरचं आवरण ठेवून आतला भागच काढतात, मग आपल्यालाही अगदी रिकामं वाटत नाही, तसं करता येईल का विचारून बघ. मग सगळ्यात अवघड प्रश्न. बायकोचं काय? ड्रायव्हर म्हणाले, "ते जातं बाबा. इच्छाच कमी होते. खोटं कशाला बोलू? पण इंजेक्शन घेतलंस तरी तेच होतं. माझी मंडळी म्हणाली, तुम्ही जेवायला समोर बसलेले असलात की झालं."

दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने फॉर्मवर सही केली. ऑपरेशन झालं, मणक्याला रेडिएशन दिलं. आज तो काठी घेऊन चालतो. चार महिने आधी कोणी बोललं असतं तर काठी लागलीही नसती कदाचित.

मी स्वतः इंजेक्शन निवडलं. पेन्शन आहे, इस्पितळ जवळ आहे, तीन महिन्यांनी एक खेप मला जड नाही. आणि कायमचा निर्णय घ्यायला मला वेळ हवा होता. ड्रायव्हरकाकांचा हिशेब वेगळा होता. ते म्हणायचे, "दर तीन महिन्याला पोराकडं हात पसरायचा, ते मला जमणार नाही. एकदा काय ते होऊन जाऊदे." दोघंही बरोबर होतो. कारण दोघांनी काय निवडतोय हे माहीत असताना निवडलं.

त्या रात्रीच्या गप्पांमधून आमची बैठक सुरू झाली. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. सुरुवातीला चौघं होतो, आता अकरा-बारा जण असतो. हळदीचे एक अडते आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक केश कर्तनालयवाले, दोघं-तिघं शेतकरी. नाव काही ठेवलेलं नाही. बोर्डावर 'प्रोस्टेट' लिहिलं तर कोणी आत येणार नाही, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं आणि ते खरंच आहे.

तिथे काय बोलतो? जे घरात बोलता येत नाही ते. उदाहरणार्थ, या उपचारात अंगातून अचानक गरम वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री पांघरूण फेकून द्यावं लागतं. पहिल्यांदा मला ताप वाटला. बायको शांतपणे म्हणाली, "पाळी जाताना मला हेच होत होतं. तेव्हा तुम्ही पंख्याचं बिल काढायचात." बैठकीत हे सांगितलं तर निम्मे लोक हसले आणि निम्म्यांनी घरी जाऊन बायकोला विचारलं.

विनोद सोडा, गंभीर गोष्टीही आहेत. हार्मोन गेला की हाडं ठिसूळ होतात, स्नायू उतरतात, पोट सुटतं, थकवा येतो, मन उगीच खट्टू होतं. हे उपचाराचे परिणाम आहेत हे माहीत नसलं की माणूस समजतो आपलं संपत आलं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी, रोजचं चालणं आणि थोडा ताकदीचा व्यायाम यांनी फरक पडतो. हाडांचं इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यायचे असतात, हे आमच्यातल्या एकाला दुसऱ्याकडून कळलं.

आता दुसरा निर्णय. नुसतं गेट बंद करून थांबायचं की पहिल्यापासून आणखी एक औषध जोडायचं? मोठं गेट बंद केलं तरी किडनीवरच्या ग्रंथी थोडा हार्मोन बनवत राहतात आणि कॅन्सरही स्वतःपुरता बनवायला शिकतो. अमेरिकेतल्या ७९० पेशंटच्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की सुरुवातीलाच डोसेटॅक्सेल या केमोचे सहा डोस जोडले तर आयुष्य साधारण साडेतेरा महिन्यांनी वाढलं, आणि आजार जास्त पसरलेल्यांना त्याचा फायदा ठळक होता. २०१७ मध्ये ॲबिरॅटेरॉन या गोळ्यांनी तसाच मोठा फायदा दाखवला. या गोळ्यांची जेनेरिक आपल्या देशात बनते. म्हणजे हा काही फक्त परदेशातला किंवा श्रीमंताचा उपचार राहिलेला नाही. तरीही आमच्याकडे येणाऱ्या नव्या माणसांपैकी अनेकांनी हे नावही ऐकलेलं नसतं.

आणि इथेच आमच्यासारख्या बैठकीचा धोकाही आहे, तो लपवत नाही. ॲबिरॅटेरॉनचा नेहमीचा डोस म्हणजे उपाशीपोटी २५० च्या चार गोळ्या. हलक्या नाश्त्याबरोबर एकच गोळी घेतली तरी पीएसए तेवढाच उतरतो, असं २०१८ मध्ये छापून आलेल्या ७२ पेशंटच्या अभ्यासात दिसलं. अभ्यास लहान आहे, पण खर्च परवडत नाही अशा पेशंटसाठी काही डॉक्टर तो रस्ता विचारात घेतात. एका बैठकीत हे निघालं आणि पुढच्या आठवड्यात एकाने डॉक्टरांना न विचारता तीन गोळ्या बंद करून टाकल्या, वर उपाशीपोटीच एक घेत राहिला. त्याला वेळेत पकडलं. या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड घ्यावं लागतं, ब्लड प्रेशर, पोटॅशियम आणि लिव्हर तपासत राहावं लागतं. हा शेजाऱ्याला विचारून करायचा उद्योग नाही.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. एक, 'मला काय झालं' ते सांगायचं, 'तू काय कर' ते सांगायचं नाही. दोन, डोस आणि औषध फक्त डॉक्टर ठरवणार, आपण फक्त प्रश्न तयार करून द्यायचे. तीन, पुड्या, काढे, गोमूत्र, अमक्या गावचे महाराज, या विषयाची जाहिरात खोलीत चालणार नाही. घेत असाल तर घ्या, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

हे काही आम्ही नवीन शोधलेलं नाही. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तिथे दारू सुटलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याच्या शेजारी बसतो, हे आपल्याला माहीत आहे. मुंबईत व्ही केअर फाउंडेशनसारख्या संस्था १९९४ पासून कॅन्सर पेशंटना आधार देतायत. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायका तर नव्या पेशंटला नुसत्या धीर देत नाहीत, ब्लाउज कसा शिवून घ्यायचा इथपर्यंत सांगतात. पुरुषच मागे. लाज, दुसरं काही नाही.

आणि ही लाज फक्त आपल्या खेड्यातली नाही. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्रास होऊन पुन्हा इस्पितळात गेले, तर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनाही काही दिवस पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, माजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी आपला कॅन्सर हाडांत पसरल्याचं जाहीर केलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान सैन्याचा मंत्री जिथे लपवतो, तिथे आमच्या दीड एकरवाल्याने कोणाला सांगावं?

आता सार्वजनिक मागणी. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि कॅन्सरवर उपचार करणारी खाजगी इस्पितळं, सगळ्यांना उद्देशून.

पहिली, निर्णय सांगताना पेशंट स्वतः खोलीत असला पाहिजे. मुलगा असू दे, पण पेशंट बाहेर बाकड्यावर नको.

दुसरी, ऑपरेशन आणि इंजेक्शन दोन्हींची माहिती, खर्च आणि परिणाम मराठीत एका पानावर छापून द्या. वाचता येत नसेल तर समाजसेवा अधीक्षकांनी वाचून दाखवावं.

तिसरी, महिन्यातून एका ओपीडीच्या दिवशी एक खोली द्या. आमच्यासारखे जुने पेशंट फुकट येऊन बसतील. खर्च म्हणाल तर बारा खुर्च्या आणि एक थर्मास चहा.

आणि ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. आजार कुठे कुठे पोहोचलाय? मणक्याला धोका आहे का?
२. आमच्यासाठी ऑपरेशन बरं की इंजेक्शन, आणि का?
३. पहिल्यापासून गोळ्या किंवा केमो जोडायचा फायदा आम्हाला होईल का?
४. महिन्याचा एकूण खर्च किती? जेनेरिक चालेल का?
५. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं? (इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटा. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्डही आहे.)
६. जनुकीय तपासणी करायची का? बीआरसीए२ सारखा दोष निघाला तर उपचार बदलू शकतात, आणि मुलामुलींनाही सावध राहता येतं. मुलींना स्तनाच्या आणि बीजांडाच्या कॅन्सरचा धोका असतो.
७. दुसरं मत घ्यायला फाइल मिळेल का? (मुंबईला टाटाला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी आधी करा.)

एक गोष्ट प्रश्न न विचारता पाठ करा. पाठ अचानक जास्त दुखू लागली, पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठायचं.

ड्रायव्हरकाका गेल्या आषाढात गेले. शेवटचे दोन महिने त्यांनी केमो थांबवून घरी राहायचं ठरवलं, तो निर्णयही त्यांचाच होता आणि घरच्यांनी तो मानला. दुखणं कमी ठेवणारी औषधं घेत, अंगणात खाट टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीचा आवाज ऐकत होते. आम्ही आळीपाळीने जाऊन बसायचो. उपचार थांबवणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे आम्ही त्यांच्या खाटेशेजारी बसून शिकलो.

त्यांच्या जागी आता काठीवाला शेतकरी नव्या माणसांशी बोलतो. परवा एक जण मुलाच्या मागे लपत आला होता. शेतकऱ्याने मुलाला चहा आणायला पाठवलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "पाव्हणं, काय पायजे ते इचारा."

तुमच्या घरात, गल्लीत, गावात असा कोणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव कुठे येणार नाही. आणि पोस्ट शेअर नाही केलीत तरी चालेल, पण घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो ऐकत नसल्याचं दाखवेल. तरी वाचा.